तालुक्याच्या ठिकाणचं कॉलेज आजूबाजूच्या गावांच्या विकासाला खरंच हातभार लावू शकतं का? कसा?

लावू शकतं, पण त्यासाठी कॉलेजला गावातला धंदा हा अभ्यासाचा विषय वाटायला पाहिजे. तिथंच सगळं अडतं. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, प्रभातफेरी, झाडं लावतानाचे फोटो याला मी विकास धरत नाही.

मी कोल्हापूरकडचा, मेकॅनिकलवाला. मामांचं गुऱ्हाळ होतं आणि दर सीझनला त्यांना जाळायला चिपाड (रस काढून उरलेला उसाचा चोथा) कमी पडायचं, मग वरून लाकूड विकत आणायला लागायचं, तो खर्च गुळाच्या दरातनं निघायचा नाही. म्हणून फायनल इयरला आम्ही चौघांनी चुलवणावर, म्हणजे रस उकळायच्या भट्टीवर, प्रोजेक्ट करायचं ठरवलं तर एचओडींनी सिनॉप्सिस परत केला, म्हणाले ही काय इंडस्ट्री आहे का, कंपनीचं स्पॉन्सरशिप लेटर आणा. आणलं. कॉलेजसाठी कंपनीचा प्रोजेक्ट केला आणि सुट्टीच्या दिवशी गुऱ्हाळावर आमचा केला. लॅब असिस्टंट काकांनी भट्टीचं तापमान मोजायला थर्मोकपल दिला म्हणून जमलं.

मोजल्यावर कळलं की निम्मी गडबड साधी आहे. चिपाड ओलसर असतानाच चुलवणात जात होतं, तोंड सताड उघडं असल्यानं गार हवा नको तेवढी आत ओढली जायची, आणि चिमणीतनं कडक तापलेला धूर फुकट चालला होता. चिपाड नीट वाळवायला लावलं, तोंडाला झाकण केलं, चिमणीत पत्र्याची झडप बसवली. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, आधी तयारच नव्हता, जाळ बिघडला की गुळाचा रंग जातो म्हणायचा आणि त्याचं बरोबर होतं. पाक होत आला की जाळ उतरवायला त्याला तीच झडप उपयोगी पडली तेव्हा त्यानं ती आपलीशी केली. पुढच्या सीझनला धुराच्या वाटेवर रस आधीच गरम करायला छोटी काहील (पसरट कढई) बसवली. लाकूड आणणं बंद झालं.

कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, म्हणजे सरकार दरबारी हा माल मोठा, आणि आमच्या डिपार्टमेंटला मात्र तो प्रोजेक्टच्या लायकीचा नाही. असं कसं चालेल? आयआयटी मुंबईच्या 'सितारा' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या केंद्रातली पोरं गावातल्या नळपाणी योजनांचा अभ्यास करतात, पाबळच्या विज्ञान आश्रमात 1983 पासून मुलं गावाला लागणारी कामं करत करतच शिकतात. मग तालुक्याच्या कॉलेजला कमीपणा कसला? असल्या प्रोजेक्टनं प्लेसमेंट होत नाही हेही ऐकवलं होतं आम्हाला. मी आज साखर कारखान्यात बॉयलरवर आहे, इंटरव्ह्यूला भट्टीत गरजेपेक्षा जास्त जाणाऱ्या हवेवर प्रश्न आला तो मी चुलवणावरनंच सोडवला.

आता हेही खरं की निम्मे प्राध्यापक तासिका तत्त्वावर असतात, त्यांना गावात फिरा म्हणून कुठल्या तोंडानं सांगणार, गाडीखर्च तरी द्या. आणि पोरं पास होऊन गेली की काम तिथंच राहतं. आमची झडप गंजली तेव्हा बदलायला कॉलेजातनं कोणी गेलं नाही, म्हणून तेच गुऱ्हाळ पुढच्या बॅचला द्या, दरवर्षी नवीन विषय शोधू नका.