निवाऱ्यातला मुलगा तीन दिवस नुसता पडून आहे, माझी जबाबदारी किती? – माझं उत्तर

ताई, तुम्ही लिहिलंय की निवारा केंद्रात शिकवायला जाता, तिथला चार वर्षांचा मुलगा तीन दिवस खेळत नाहीये, नुसता पडून असतो, आई म्हणते सर्दी आहे, स्टाफ म्हणतो आई बघेल, आणि मी डॉक्टर नाही तर यात माझं काम किती.

आधी मुलाचं बोलू. आजच जा, उद्यावर टाकू नका. तो पाणी पितोय का, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय का, हाक मारली की नीट बघतो का, एवढं बघा. मग आईला विचारून शर्ट वर करा आणि तो शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. १ ते ५ वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला ४० किंवा जास्त असेल तर तो जलद धरतात, त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचं. आणि श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतोय, काही पीत नाही, झटका येऊन गेला, उठवूनही जागा होत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल गाठायचं. अंगात ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका, खूप कुपोषित मुलांना मोठं इन्फेक्शन असूनही कधीकधी ताप येत नाही.

आता जबाबदारीचं. मोठा आजार बऱ्याचदा बदलातून कळतो, म्हणजे पोरगं आठवड्यापूर्वी कसं होतं आणि आज कसं आहे. घर असलं की ते कोणाच्या तरी डोक्यात असतं. इथे कुटुंब आज एका केंद्रात, महिन्याने दुसऱ्या, स्टाफच्या शिफ्ट बदलतात, लसीचं कार्ड कुठेतरी हरवलेलं, डॉक्टर दर वेळी नवा, त्यामुळे प्रत्येकाला फक्त आजचं मूल दिसतं आणि आजचं मूल काय, थकलेलंच असतं, असं धरून सगळे पुढे जातात.

माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी होती. वर्गात सारखी बाटली भरायला उठायची, सारखी लघवीला जायची, मग रात्री अंथरुण ओलं व्हायला लागलं, सगळे म्हणाले नवीन जागेचं टेन्शन आहे, तिला त्यावरून ओरडा पण बसला. तिची पँट कमरेला सुतळीने बांधलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, आणि मला वाटलं कोणाचे तरी मोठ्या मापाचे कपडे दिले असतील. ती पँट तिचीच होती, दोन महिन्यांपूर्वी नीट बसणारी. पाचव्या दिवशी उलट्या, खोल खोल श्वास, रात्री ॲडमिट. टाइप १ डायबेटिस, म्हणजे शरीरात इन्सुलिन बनत नाही तो मधुमेह. तहान, लघवी, वजन उतरणं, सगळं त्याचंच होतं. वाचली ती, पण मी, वॉर्डन, आई, आम्हा तिघांकडे एकेक तुकडा होता आणि कोणी कोणाशी बोललंच नव्हतं. हे मला अजून लागतं.

म्हणून सांगते, निदान करणं तुमचं काम नाही, पण तुम्ही आठवड्यातून दोनदा जाता म्हणजे त्याचं 'आधी' तुमच्याकडे आहे. एक साधी वही ठेवा, तारीख घालून दोन ओळी, खेळला का, खाल्लं का, खोकला कधीपासून (दोन आठवड्यांच्या वर गेला आणि वजन भरत नसेल तर टीबीची तपासणी व्हायलाच हवी). आणि सांगताना ग्रुपवर 'जरा बघून घ्या' असं टाकू नका, ते कोणीच बघत नाही. एका माणसाला नाव घेऊन सांगा, कधी दाखवणार ते विचारा, संध्याकाळी परत फोन करून दाखवलं का विचारा. कोणी हललं नाही तर आईला सोबत घेऊन तुम्हीच निघा, अवघड वाटत असेल तर ॲम्ब्युलन्स बोलवा.

आईवर मात्र चिडू नका. मूल आजारी आहे म्हटलं की हे लोक त्याला माझ्यापासून काढून नेतील, ही भीती अशा कितीतरी आयांच्या मनात असते, शिवाय एक दिवस काम बुडालं की पैसे गेले, आणि दवाखान्यात पहिला प्रश्न पत्ता काय. 'सर्दी आहे' यात ते सगळं असतं. तिच्या शेजारी बसून विचारा, तुम्हाला त्याच्यात काय वेगळं वाटतंय? बहुतेक वेळा तिला आपल्यापेक्षा जास्त दिसलेलं असतं, फक्त कोणी विचारलेलं नसतं.

जाऊन आलात की मिनिटाला श्वास किती मोजले ते इथेच लिहा, मी रात्री उशिरापर्यंत ऑनलाइन आहे. पण हॉस्पिटलला न्यायची वेळ असेल तर आधी तिकडे जा, लिहायचं नंतर.