आधी साइडिंग, मग घाट

अरे, मॉडेल रेल्वेच्या पहिल्याच मॉड्यूलमध्ये, म्हणजे दुसऱ्याला जोडता येणाऱ्या पाटावर, घाट, बोगदा, स्टेशन सगळं कोंबू नकोस. चार फूट बाय एक फूट पुरे. माझा पहिला पाट भलताच लांब होता; लिफ्टमध्ये ना उभा मावला ना आडवा, चार मजले खांद्यावरून चढवला.

एवढ्या जागेत एन स्केलच घे, म्हणजे 1:160. आपला 1676 मिमीचा ब्रॉडगेज या प्रमाणात साडेदहा मिमी भरतो आणि बाजारातला रूळ 9 मिमीचा. तो दीड मिलिमीटर विसर, नाहीतर आयुष्यभर रूळच बनवत बसशील.

मांडणी इंगलनूकची, म्हणजे शंटिंगच्या कोड्याची. एका फाट्यावर (साइडिंगवर) पाच वाघिणी, म्हणजे मालडबे, बाकी दोन्हींवर तीन-तीन, डबे मागे-पुढे करायच्या शंटिंगच्या शेपटीत इंजिन अधिक तीन वाघिणी. रूळ बदलायचे सांधे दोनच, पण वाघिणी ठरलेल्या क्रमाने लावताना भलंभलं डोकं चक्रावतं.

दृश्यासाठी मुंबईतल्या कॉटन ग्रीनला चक्कर मार. गोदामाची लांब भिंत, गंजका पत्रा, गवतात बुडालेले रूळ, मागे तेवढंच.

प्लायला आधी दोन्ही बाजूंनी, कडांसकट, वॉर्निश मार. मी खालची बाजू सोडली होती. पहिल्याच जुलैत पाट पापडासारखा वळला. मॉड्यूलच्या टोकाला प्लायमध्ये पितळी स्क्रू पिळून रूळ त्यांच्या डोक्यांवर डाग (सोल्डर कर), म्हणजे नेताना-आणताना उखडणार नाहीत. आणि रूळ दोन पाटांच्या जोडावरून सलग नेऊन डागल्यावर, मगच करवतीने जोडावर काप.