मुलाचं निदान झालं, मग माझंही... आता घर कसं चालवू?

प्रश्न : ताई नमस्कार, मी देवगड तालुक्यातली, वय ३४. घरी सासूबाई, मुलगा ८ वर्षांचा आणि मुलगी ३ ची, मिस्टर दिवसभर कलमांच्या बागेत. मुलगा एका जागी बसत नाही म्हणून कोल्हापूरला दाखवलं तर एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा नि अतिचंचलपणाचा त्रास, निघाला, आणि डॉक्टरांनी बोलता बोलता मलाच माझ्या लहानपणाचं, शाळेतलं विचारलं नि पुढच्या भेटीत म्हणाले तुम्हालाही आहे. मला रडूच आलं, आयुष्यभर वेंधळी वेंधळी ऐकत आले ना. सकाळी त्याला आवर म्हणून सांगते आणि मीच चुलीपाशी जाऊन लाकडं रचत बसते, रिक्षावाला हॉर्न मारतो तेव्हा कळतं डबा भरलेलाच नाही, मग जो आरडाओरडा होतो तो अख्खी वाडी ऐकते. मध्ये तर मुलीला अंगणवाडीतून आणायचंच डोक्यातून गेलं, मदतनीस घेऊन आल्या. सासूबाई म्हणतात, "तुजा लक्ष खंय असता गो?" डॉक्टरांनी मला गोळी सुचवलीय पण घरचे म्हणतात पोराचं ठीक आहे, तुला कशाला, मनावर घे म्हणजे होईल. घेऊ का गोळी? आणि मीच विसरते तर त्याला वळण कसं लावणार?

उत्तर : मनावर तुम्ही कधीचंच घेतलंय हो, पत्राच्या ओळीओळीत दिसतंय. नुसतं मनावर घेऊन हे होत असतं तर इतक्या वर्षांत झालं नसतं का? एडीएचडीत काय करायचंय ते माणसाला माहीत असतं, पण ते नेमक्या वेळी आठवणं, सुरू करणं, मध्येच दुसरीकडे न वळणं, किती वेळ गेला याचा अंदाज येणं, हे मेंदूतलं काम अडतं. आणि आईपण म्हणजे दिवसभर नेमकं हेच काम, तेही दोन पोरांचं मिळून, म्हणून लग्नाआधी जे कसंबसं निभावत होतं ते आता उघडं पडतंय.

घरच्यांना आणखी एक सांगा. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून एडीएचडीत अनुवंशिकतेचा वाटा साधारण ७० ते ८० टक्के दिसलाय, तेव्हा एकाच घरात आई आणि मूल दोघांना असणं यात नवल नाही, आणि तुमच्या वळणामुळे मुलाला झालं हे तर मनातून काढूनच टाका. 'तू कुठे उड्या मारतेस' असं कोणी म्हणेल, पण मुलींमध्ये बरेचदा उड्या नसतातच, लक्ष निसटणं असतं, म्हणून शाळेत कोणाच्या ध्यानात येत नाही. मोठ्यांचं निदान करताना लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासून होती का ते बघतात, तुमच्या डॉक्टरांनी शाळेतलं विचारलं ते त्यासाठीच.

गोळी घेऊ का, तर माझं मत स्पष्ट आहे, डॉक्टरांनी सुचवलीय तर नुसतं 'तुला कशाला' एवढ्यावरून नाही म्हणू नका. मुलाला रोज तीच वेळ, तीच सूचना, लगेच शाबासकी हे सगळं लागतं आणि ते देणार तुम्हीच, तर तुमचे उपचार हा त्याच्याही उपचारांचा भाग आहे. मात्र गोळी मिथाइलफेनिडेटची असो की अॅटोमॉक्सेटिनची, सुरू करायची ती मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली. बीपी, हृदयाचा काही त्रास, इतर औषधं, दिवस राहण्याचा विचार, मुलगी अजून अंगावर पीत असेल तर तेही, सगळं आधी सांगायचं. थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासलं नसेल तर तपासून घ्या, झोप किती होते तेही सांगा, कारण या गोष्टींनी लक्ष आणखी बिघडतं. पाळीच्या आधीच्या दिवसांत जास्त त्रास होतो का ते कॅलेंडरवर खूण करून ठेवा, बऱ्याच जणींना होतो. कोल्हापूर दर वेळी जमणार नाही, तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कधी असते ते विचारा, आणि बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

आता घर. मुलगी ३ वर्षांची आहे म्हणून हे आधी सांगते. ज्या गोष्टी विसरल्या तर चालतच नाही त्या तुमच्या आठवणीवर सोडायच्याच नाहीत. परसात विहीर असेल तर तिला जाळी, आणि पावसाळ्यात पऱ्याकडे, म्हणजे ओढ्याकडे, जाणाऱ्या बाजूला कवाड, ही दोन कामं मिस्टरांकडून या आठवड्यातच करून घ्या. चूल पेटलेली असताना मुलीवर लक्ष कोणाचं, तर सासूबाईंचं, हे नाव घेऊन ठरलेलं असू दे. गोळ्या, दोघांच्याही, कुलुपात. अंगणवाडीतून आणायचं काम शेजारच्या ज्या बाईचं मूल तिथे जातं तिच्याशी वाटून घ्या, आणि मदतनीसांना सांगून ठेवा की उशीर झाला तर लगेच फोन करा. यात कमीपणा कसला, वाडीत एकमेकांची पोरं सांभाळतातच की.

डबा विसरला तर पोर एक दिवस पोहे उशिरा खाईल, त्याचा एवढा घोर नको. सकाळची अर्धी कामं रात्री ढकला, जेवणं झाली की तुम्ही आणि मुलगा मिळून दप्तर भरा, युनिफॉर्म खुंटीला, पाण्याची बाटली दप्तराशेजारी. त्याला एका वेळी एकच गोष्ट सांगा, लांबून हाक मारून नाही, जवळ जाऊन, आणि झाली की तिथल्या तिथे शाब्बास म्हणा. मोबाईलचे अलार्म लावा पण आपल्याकडे जून लागला की लाईट जाते नि चार्जिंग संपतं, म्हणून पडवीत सेलवालं मोठं घड्याळ आणि दाराच्या आतल्या बाजूला कागद, त्यावर मुलाने स्वतः काढलेली चित्रं, डबा, बाटली, चप्पल. वळण त्यानेच लागेल, तुम्ही स्वतःसाठी कागद बघताय हे तो रोज बघेल ना.

ओरडणं एका दिवसात थांबणार नाही. पण आवाज चढल्यावर दोन मिनिटं मागच्या दारी जाऊन या आणि परत येऊन त्याला सांगा, मी ओरडले ते बरोबर नव्हतं, आता आपण दप्तर भरू. एवढं पुरे, लांबलचक समजूत नको, त्यालाही ती ऐकवणार नाही.

आणि मे महिन्याचा विचार आत्ताच करा. आंबा काढणी, चाकरमानी घरात, आगोटची म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, कोकमं वाळवायची, त्यात शाळा नाही म्हणजे मुलाची बसवलेली सवय सगळी विस्कटते. त्या महिन्यात पापड विकत आणा. खरंच आणा.

प्रश्न : मी मुंबईत नोकरीला, बायको-मुलं दापोलीकडे गावी. बायकोला एडीएचडी आहे हे नुकतंच कळलं. मी दिवसातून चार वेळा फोन करून आठवण करतो, ती चिडते. लांबून मी काय करू?

उत्तर : आठवण करू नका, काम घ्या. शाळेचा व्हॉट्सअॅप ग्रुप तुमच्या फोनवर, फी, लाईट बिल, गॅसचा नंबर, लसीच्या तारखा हे सगळं तुमच्याकडे, पूर्ण, म्हणजे तिने त्याचा विचारही करायचा नाही. रात्री एकच फोन, त्यात उद्या शाळेत काय न्यायचंय ते तुम्ही मुलांना सांगा, तिला नाही. आणि गणपतीला याल तेव्हा घरभर पाहुणे असतील, त्या दिवसांत मुलांचं आवरणं, जेवण, झोप तुमच्याकडे घ्या, मखर दुसरा कोणीतरी करेल.