निशाणी 5 मंजूर झाली, आता निकालापर्यंत थांबायचं की अपील करता येतं?

तासगावच्या कोर्टात चुलत्यांनी दावा लावला, निशाणी 5, म्हणजे निकालापर्यंतच्या तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, मंजूर होऊन बांधावरच्या रस्त्यानं द्राक्षबागेत जायला तुम्हाला मनाई झाली, आणि गावात कुणी सांगितलं की निकाल लागेपर्यंत वर जाता येत नाही. सांगणाऱ्यानं अर्धवट सांगितलंय. मी सांगलीत वकिली करतो, हे रोज ऐकतो.

अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा हुकूम कुठला आहे त्यावर सगळं असतं. दिवाणी प्रक्रिया संहितेत ऑर्डर 43 नियम 1 मध्ये यादीच दिलीय आणि तूर्तातूर्त मनाई, मंजूर असो की नामंजूर, त्या यादीत आहे, म्हणजे तुम्हाला अपील आहे. ज्युनियर डिव्हिजनचा, म्हणजे कनिष्ठ स्तर दिवाणी कोर्टाचा हुकूम असेल तर जिल्हा न्यायालयात किरकोळ दिवाणी अपील, मुदत 30 दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस वजा होतात, पण नक्कलेचा अर्ज मुदतीत टाकला असेल तरच, तेव्हा छाटणीच्या गडबडीत हे राहू देऊ नका.

आता एक कडू गोष्ट. खालच्या कोर्टानं कागद बघून मत बनवलं असेल तर वरच्या कोर्टाला वेगळं वाटतं एवढ्यावर हुकूम फिरत नाही, 1990 च्या वाँडर विरुद्ध अँटॉक्स निकालात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलंय. म्हणून अन्याय झाला म्हणून पानं भरण्यापेक्षा कुठला नकाशा, कुठला फेरफार कोर्टानं बघितलाच नाही ते दाखवा. मनाई एकतर्फी असेल तर आधी त्याच कोर्टात ऑर्डर 39 नियम 4 खाली ती उठवायचा अर्ज द्या, बऱ्याचदा तेवढ्यात भागतं.

दावादुरुस्ती, जागेच्या पाहणीसाठी कोर्ट कमिशन असले हुकूम ऑर्डर 43 च्या यादीत नाहीत. 2002 पासून रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टाकडून हुकमाची फेरतपासणी, पण आवळलीय, हुकूम तुमच्या बाजूनं झाला असता तर दावाच संपला असता अशाच ठिकाणी ती चालते. उरतं राज्यघटनेच्या कलम 227 खाली हायकोर्ट. अपील फेटाळलं गेलं तरी तोच रस्ता, कारण दुसरं अपील नाही. बरं, ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे, मुंबईच्या खेपा वाचल्या. तरी प्रत्येक हुकमाला धावू नका, निकालावर परिणाम करणारी चूक असेल तर ती शेवटच्या अपिलात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 105 मुळे काढता येते.

आणि अपील दाखल केलं म्हणजे मनाई आपोआप थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. ती मिळेपर्यंत त्या रस्त्यानं ट्रॅक्टर घालू नका, मनाई मोडली तर जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद आहे.