वाचक विचारतात : टेस्ट कव्हरेज वाढवायचं म्हणजे नेमकं करायचं काय?

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मजकुरातल्या पैशांच्या रकमा वाचून आकडे काढून देणारी एक छोटी ओपन सोर्स पायथन लायब्ररी आहे, तिच्यात काम करायचंय. तिचे मेंटेनर, म्हणजे ती सांभाळणारे, म्हणाले टेस्ट कव्हरेज वाढव, सध्या ७० टक्क्यांच्या आसपास आहे. रिपोर्ट काढला पण सुरुवात कुठून करू कळेना. १०० टक्के करायलाच पाहिजे का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : १०० चा नाद आत्ता सोड. कव्हरेज एवढंच सांगतं की टेस्ट चालताना ती ओळ एकदा तरी चालली, उत्तर बरोबर आलं का नाही हे त्याला कळत नाही. शिरोली एमआयडीसीत कुठल्याही फौंड्रीत विचार, कास्टिंगवर हात फिरवला म्हणजे गेज लावला असं कोणी म्हणणार नाही. असर्ट, म्हणजे उत्तर अपेक्षेप्रमाणे आलं का हे तपासणारी ओळ, नसलेल्या टेस्टचं तसंच आहे, टक्के वाढतात आणि चूक जिथल्या तिथं राहते.

एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस बघ, आपल्या सगळ्यांच्या फोनमध्ये असतो तो. तिथं १०० टक्के ब्रँच कव्हरेज आहे, म्हणजे प्रत्येक इफच्या दोन्ही वाटा टेस्टमध्ये चालतात, टेस्टचा कोड मूळ कोडच्या ५९० पट आहे, आणि तरीसुद्धा २०१५ मध्ये मिखाल झालेव्स्की या सुरक्षा संशोधकानं एएफएल नावाचा फझर, म्हणजे वेडेवाकडे इनपुट आपोआप देऊन बघणारं साधन, लावला तर अर्ध्या तासाच्या कामात क्रॅश करणारे २२ इनपुट सापडले.

आता तुझ्या कामाचं. आधी ब्रँच मोजणी चालू कर, कव्हरेज डॉट पाय या पायथनच्या कव्हरेज मोजणाऱ्या साधनात ती आपोआप चालू नसते. समजा 'सवलत असेल तर किमतीतून वजा कर' असा इफ आहे आणि तू सवलत देऊनच टेस्ट केलीस, तर ओळी १०० टक्के दिसतील पण सवलत नसताना काय होतं ते कोणी बघितलंच नाही. एचटीएमएल रिपोर्टमध्ये अशा ओळी पिवळ्या दिसतात, अजिबात न चाललेल्या लाल. लाल ओळींत बहुतेक एरर हाताळणीचा कोड निघेल, तिथनंच सुरू कर, कारण वापरणाऱ्याला खरा त्रास तिथंच होतो.

पण मला जास्त काळजी हिरव्या, म्हणजे टेस्टमध्ये चाललेल्या, ओळींची वाटते. तुझी लायब्ररी रकमेची आहे ना, मग तिला आपल्याकडचे आकडे दे. मजकुराचा पूर्णांक करणारा पायथनचा इंट देवनागरी '१२३' व्यवस्थित घेतो, पण '१,००,०००' दिलं की स्वल्पविरामामुळं व्हॅल्यू एरर. लायब्ररीतल्या रेजेक्समध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधणाऱ्या सूत्रात, तीन-तीन आकड्यांचेच गट धरले असतील आणि पूर्ण मजकूर जुळतोय का हे तपासलं नसेल, तर एक लाखाचा नुसता १ होऊन बाहेर येऊ शकतो! आणि ती ओळ रिपोर्टमध्ये हिरवीगारच असते, कारण हजाराच्या टेस्टनं ती चालवलेली असते. हे लाखाचं कोल्हापुरात बसलेल्या तुला चटकन सुचेल, दूरच्या मेंटेनरला कदाचित कधीच नाही, म्हणून तुझ्या टेस्टची किंमत मोठी आहे. पायटेस्ट या टेस्ट चालवणाऱ्या साधनातलं पॅरामेट्राइझ वापर म्हणजे एकाच टेस्टला अशा पाच-दहा रकमा देता येतील.

पुल रिक्वेस्ट, म्हणजे तुझे बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, छोटी ठेव, एका वेळी एकच फाइल. टेस्ट लिहिताना बग सापडला तर त्याच रिक्वेस्टमध्ये मूळ कोड बदलत बसू नको, इश्यू, म्हणजे बगची नोंद, वेगळा उघड, टेस्टला एक्सफेल, म्हणजे 'ही सध्या नापास होणार' अशी खूण, लाव आणि इश्यूचा नंबर तिथंच लिही.