बर्फ नाही, थंडी नाही, मग बेटावरच्या ख्रिसमसला मजा काय?

तुमचा प्रश्न असा: उष्ण कटिबंधातल्या बेटावर नाताळ कसा करतात, आणि थंडीशिवाय तो नाताळ वाटतो का? सगळ्या बेटांचं मला ठाऊक नाही. मी नोकरीनिमित्त मॉरिशसला राहतो, तिथलं सांगतो.

वाटतो, आणि चांगला दणक्यात वाटतो. फक्त त्याच्या खुणा वेगळ्या. मॉरिशस दक्षिण गोलार्धात, त्यामुळे डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. आपल्याकडे मे महिन्यात पेटणारा गुलमोहर इथे नाताळाला लालभडक असतो. आणि लिची! पानांसकट बांधलेल्या जुड्या रस्त्याकडेला टांगलेल्या दिसल्या की समजायचं, सण आला. 'यंदा लिची काय भाव?' हा डिसेंबरातला राष्ट्रीय प्रश्न आहे. घराघरांतल्या झाडांवर जाळी टाकलेली असते, कारण इथली मोठी वटवाघळं माणसांच्या आधी फडशा पाडतात. लिचीपायी सरकारने २०१५ पासून हजारो वटवाघळं मारली, त्यावरून मोठे वादही झाले.

ख्रिश्चन लोकसंख्या साधारण एक तृतीयांश, बहुतेक कॅथलिक. पण सुट्टी सगळ्यांना आणि सण जवळजवळ सगळ्यांचा. वर्षाअखेरीचा बोनस, म्हणजे तेरावा पगार, कायद्यानेच द्यावा लागतो आणि त्याचा मोठा हिस्सा नाताळाआधी हातात पडतो. त्यामुळे दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. इथे एकोणिसाव्या शतकात मजूर म्हणून आलेल्या मराठी लोकांचे वंशज आहेत. त्यांच्या घरी गणपती बसतो, गुढी उभारतात आणि डिसेंबरात पोरांच्या हट्टाखातर दिव्यांचं झाडही लागतं. कुणालाच त्यात काही वावगं वाटत नाही. झाड आता बहुधा प्लॅस्टिकचं. पूर्वी सुरूची फांदी कुंडीत रोवून सजवायचे, आणि मला विचाराल तर तेच जास्त शोभत असणार.

चोवीसच्या रात्री चर्च भरून वाहतात. उत्तर टोकाला काप मालेरूचं लाल छपराचं छोटं चर्च तुम्ही फोटोत पाहिलं असेल. समुद्राला अगदी खेटून आहे. घरी जेवणात फ्रेंच पद्धतीचा ओंडक्याच्या आकाराचा केक असतो, आणि त्याच टेबलावर बिर्याणी आणि 'गातो पिमां'. हे गातो पिमां म्हणजे चक्क आपला डाळवडा, फक्त पावात लोण्याबरोबर खातात.

पंचवीसला बरीच मंडळी समुद्रावर. फ्लिक आँ फ्लाक किंवा मों श्वाझीला सुरूच्या बनात ताडपत्री बांधायची, पातेली मांडायची, पोरांना पाण्यात सोडायचं. दुपार कलली की कुणीतरी रावान काढतो. हे बकऱ्याच्या कातड्याचं, डफासारखं वाद्य. वाजवण्याआधी ते जाळावर धरून तापवतात, बोटाने टिचकी मारून बघतात, पुन्हा धरतात. आवाज खणखणीत लागला की सेगा, म्हणजे इथला पारंपरिक नाच, सुरू, आणि मग आजीसुद्धा वाळूत पाय न उचलता कंबर हलवत नाचते.

यायचा विचार असेल तर दोन गोष्टी. हॉटेलच्या बंद आवारात नाताळ काढू नका, सार्वजनिक किनाऱ्यावर जा. आणि परतीचं तिकीट २ जानेवारीनंतरचं काढा. १ आणि २ दोन्ही दिवस सुट्टी असते, आणि फटाक्यांचा खरा धुमाकूळ ३१ च्या रात्री. चक्रीवादळांचाही हाच हंगाम, तेव्हा हवामानाच्या बातम्यांवर लक्ष असू द्या.