हज, हजयात्रा आणि ‘हजची वारी’

बडोद्याच्या डांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: ‘समोरच्या ब्लॉकमधले चाचा-चाची हज करून परत आले. सोसायटीतर्फे कार्ड द्यायचं ठरलं. मी मजकुरात “हजची वारी पूर्ण केल्याबद्दल” असं लिहिलं. सासरे म्हणाले, वारी काय, हजयात्रा लिही. मुलगा म्हणतो, हज म्हणजेच यात्रा, मग पुन्हा यात्रा कशाला? शिवाय तो हज की ती हज? कार्ड अजून छापायला दिलेलं नाही.’

ताई, सासऱ्यांशी हुज्जत घालण्याआधी ‘हुज्जत’ हाच शब्द बघा, कारण ती हजची सख्खी बहीण आहे. दोन्हींच्या मुळाशी ह-ज-ज ही तीन अरबी अक्षरं. जुने अरबी कोशकार हजचा मूळ अर्थ ‘कसद’ असा देतात, म्हणजे एखाद्या ठिकाणाचा रोख धरून, मनाशी ठरवून निघणं. याच कसदमधून मराठ्यांच्या पत्रव्यवहारातला कासीद आला, पत्र घेऊन नेमक्या ठिकाणी जाणारा. हुज्जत म्हणजे अरबीत पुरावा, बिनतोड मुद्दा. मराठीत आल्यावर बिचारीची पत घसरली आणि ती रिक्षावाल्याशी सुट्या पैशांवरून घालायची गोष्ट झाली. गंमत अशी, की हजच्या दिवसांत वादावादी करू नये असं कुराणातच सांगितलंय (2:197). तिथे शब्द ‘जिदाल’ आहे, हुज्जत नव्हे, पण मराठी माणसाला जे कळायचं ते कळतं.

म्हणजे हजचा अर्थ ‘प्रवास’ नाही, ‘ठरवून निघणं’ आहे. तेही वाटेल तेव्हा नाही. जिल्हेज या हिजरी वर्षाच्या शेवटच्या महिन्याच्या 8 तारखेला सुरुवात, 9 ला मक्केजवळच्या अराफातच्या मैदानात थांबायचं, 10 ला ईद, आणि 12 किंवा 13 ला सांगता. हा जिल्हेज आपल्याला परका नाही. पेशवे दफ्तरातल्या पत्रांवर ‘छ 9 जिल्हेज’ अशा तारखा सर्रास दिसतात (छ ही हिजरी तारखेआधीची खूण). महिन्याच्या नावातच हज आहे, हे लिहिणाऱ्या कारकुनाच्या मनात दरवेळी येत असेल असं नाही. आपण तरी मार्गशीर्ष म्हणताना मृगाचं डोकं कुठे आठवतो!

वर्षात एरवी केव्हाही मक्केला जाऊन येतात तो उमरा. त्याचं मूळ आपल्या उमरशी आणि इमारतीशी जुळतं. दर्ग्याला जातात ती जियारत, आणि जिथे जियारत करायची ती मजार, हेही एकाच मुळाचे. काबेभोवती सात फेरे घालतात तो तवाफ. आपली प्रदक्षिणा देवाला उजव्या हाताला ठेवून, तवाफ काबा डाव्या हाताला ठेवून. याच तवाफच्या धातूवरून अरबीत ‘ताइफा’ म्हणजे टोळी, आणि त्याचा मराठीत ताफा. 1880 साली पहिल्या चिमणाबाई सयाजीरावांशी लग्न होऊन आल्या तेव्हा तंजावरहून नर्तकींचा ताफा बडोद्याला आला, आणि आज मंत्र्यांच्या मोटारींचा येतो.

आता मुलाचा मुद्दा: हजयात्रा ही द्विरुक्ती आहे का? खरं तर आहे. पण पावरोटी खाताना कुणी तक्रार करत नाही. पाव म्हणजे पोर्तुगीजमध्ये रोटीच. परका शब्द आला की त्याच्याशेजारी ओळखीचा शब्द उभा करायची भाषेला सवय असते.

आणि इथे तो ओळखीचा शब्द अगदी नेमका सापडलाय. हजला हिब्रूत एक जुळा भाऊ आहे. त्याचा जुना उच्चार मराठीत लिहिला तर तुमचे सासरे कार्डच फाडतील, म्हणून आजचा इस्राएली उच्चार लिहितो: खाग. अरबी ज आणि हिब्रू ग यांची अदलाबदल ठरलेली आहे. उंट अरबीत जमल, हिब्रूत गामाल. कैरोतले लोक तर अरबी बोलतानाही जच्या जागी ग म्हणतात. खागचा अर्थ मात्र आहे सण. पेसाह, शावुओत, सुक्कोत या तीन सणांना यहुद्यांनी यरुशलेमच्या मंदिरात जायचं असा दंडक होता. या सणांना ‘रेगालिम’ असंही म्हणतात, आणि रेगेल म्हणजे पाय. बायबलमध्ये मोशे मिसरच्या राजाला, फारोला, म्हणतो, माझ्या लोकांना रानात जाऊन देवाचा सण करू दे, तिथलं क्रियापद याच खागचं. वाळवंटात निघायचं आणि तिथे जाऊन देवाचं करायचं: एका शब्दात प्रवास आणि सण दोन्ही. इसवी सन 70 मध्ये रोमनांनी मंदिर पाडलं, जाण्याचं बंधन सुटलं, सण राहिले. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे तिथले मराठी बोलणारे यहुदी, आपल्या मराठीत त्यांना ‘सण’च म्हणत आले.

आता ‘यात्रा’ घ्या. संस्कृतात जाणं. मराठीत काशीयात्रा म्हणजे जाणंच, पण गावची यात्रा ‘भरते’, आणि तिचीच जत्रा झाली की पाळणे, रेवड्या आणि कुस्त्या. निघणं आणि उत्सव या दोन अर्थांमध्ये अरबी-हिब्रू भावंडांनी जी वाटणी केली, ती मराठीत यात्रा आणि जत्रा यांनी केली. म्हणून मला हजयात्रा खटकत नाही. सासरे बरोबर, फक्त त्यामागचं कारण कदाचित त्यांना माहीत नसेल.

ख्रिस्ती बाजूला शब्द निराळ्याच वाटेनं आला. लॅटिन पेरेग्रिनुस म्हणजे परमुलखातला माणूस, इंग्रजी पिलग्रिम त्याचाच वंशज. तिथे ना रोख, ना सण, फक्त परकेपणा. ख्रिस्ती माणसावर आयुष्यात एकदा जायलाच हवं असं बंधनही नाही, मुसलमानावर ऐपत असेल तर आहे. तरी तुर्की अमलातले जे ग्रीक आणि बल्गेरियन ख्रिस्ती यरुशलेमला जाऊन येत, ते नावाआधी ‘हाजी’ लावत. ‘हात्झी’नं सुरू होणारी ग्रीक आडनावं आजही आहेत, आणि ती माणसं चर्चमध्येच जातात.

तुमची ‘वारी’ मात्र काढा. वारीत पुन्हा पुन्हा जाणं आहे. आषाढी चुकली तर कार्तिकी, यंदा गेला तो पुढल्या वर्षीही जाणार. हजचं कर्तव्य एकदाच. शिवाय पंढरी सोडून दुसऱ्या गावाला वारी लावली की जरा टोमणा येतो: दिल्लीवाऱ्या, कोर्टाच्या वाऱ्या. कार्डावर तो नको.

एक इशारा बडोदेकरांसाठी. प्रतापनगरचा हजिरा, कुतुबुद्दीन मुहम्मद खानाचा 1586 चा मकबरा, याचा हजशी काही संबंध नाही. लहानपणी मला वाटायचं की तिथे हाजी लोकांना पुरत असतील, आणि शाळेत मी तसं ठोकूनही दिलं होतं. हजिरा म्हणजे कुंपण घातलेली जागा. हजर, हजेरी हे तिसरंच कुटुंब. अरबीतली निरनिराळी चार-पाच अक्षरं आपल्याकडे एका ज मध्ये कोंबली जातात, त्यातून असे खोटे नातेवाईक तयार होतात.

लिंगाचं म्हणाल तर उर्दूत हज पुल्लिंगी, ‘हज किया’. गुजरातीत स्त्रीलिंगी, आणि आपल्याकडचे शेजारी तर ‘हज पढवा गया’ म्हणतात, नमाजासारखी पढायची. मराठी वर्तमानपत्रं ‘हजयात्रा केली’ लिहून सुटतात. बडोद्यात वाढलेल्या माझ्या कानाला ‘हज केली’ बरं वाटतं, पण यावर मी हुज्जत घालणार नाही.

मजकूर असा करा: ‘हजयात्रा पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. हज मुबारक.’ आणि चाचीही गेल्या होत्या ना? मग ‘हाजी’ एकट्या चाचांच्या नावाआधी नको. गुजरातीत त्यासाठी शब्द तयार आहे, हजियाणी. तो त्यांच्या नावाआधी घाला, आणि छापायला देण्यापूर्वी ण तपासा. आपले छापखानेवाले त्याचा न करतात.